हातचं राखून

ॲथल डिरीन प्रत्येक नव्या माणसाला सांगतो
की त्याचं बोट शार्कनं नेलं.
ब्रूनी बेटाच्या अलीकडे,
होडीतून हात पाण्यात सोडून बसला होता म्हणे.
शेडमधले बाकीचे म्हातारे
मान खाली घालून रंधा मारत राहतात.

मीही गप्प राहिले.
ह्युऑन खोऱ्यातल्या छोट्याशा इस्पितळात
एकतीस वर्षं मी जखमा बांधल्या.
हे बोट माझ्या ओळखीचं आहे.
ते गोठवलेल्या मटारांच्या पिशवीतून आलं होतं,
शुक्रवारी, दुपारी साडेचारला,
नखात भुसा घेऊन.
त्याची बायको विचारत होती,
मटार परत न्यायचे का?
दुसरं काही सुचत नव्हतं तिला.

आता उरलेल्या नऊ बोटांनी
तो मला टेबल-करवत शिकवतो.
प्लग काढलेला. पातं थंड.
अगदी समोर उभी राहू नकोस, एका अंगाला सरक,
फळी उलटली तर घोड्यासारखी लाथ घालते.
मग खिळ्यावरून तो काठी उतरवतो:
प्लायची, टाचेशी खाच,
मूठ घामानं काळी पडलेली.
ही ढकलकाठी.
यंत्र सुरू करायच्या आधी हाताशी हवी, नंतर शोधायची नाही.
शेवटची वीतभर फळी हिच्या हवाली,
पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत.
इतर कामं जीव ओतून कर, तो म्हणाला,
इथं मात्र हातचं राखून.

काठीच्या नाकावर दातांच्या खुणा होत्या.
मी मोजल्या. अकरा.
अकरा दुपारी,
ज्या माझ्या दारात आल्याच नाहीत.
कुणी बर्फ शोधत धावलं नाही,
कुणाची अंगठी कापून काढावी लागली नाही.
जिवावरचं शेपटीवर निभावतं म्हणतात,
बोटावरचं हिच्यावर निभावलं,
आणि ती आपली खिळ्यावर लटकते,
तिचं नाव कुठल्या केसपेपरावर नाही.

मला मधमाश्यांच्या चौकटींसाठी पट्ट्या हव्या होत्या,
अंगठ्याएवढ्या रुंद. सगळ्यात वाईट माप, ॲथल म्हणाला.
सहा नीट निघाल्या.
सातवीला एक चिंचोळा तुकडा
पात्याशेजारी थरथरत राहिला,
आणि माझा हात निघाला.
त्याचा तरी काय दोष?
काही निसटलं, काही पडायला आलं,
की आधी तोच धावतो;
एकतीस वर्षं त्याला दुसरं काही शिकवलंच नाही.

ॲथल ओरडला नाही.
त्यानं गुडघ्यानं लाल बटण दाबलं.
हात हवेतच थांबला होता,
कुणा दुसऱ्याचा असावा तसा.
पातं पुरतं थांबेपर्यंत आम्ही दोघं
त्याचा उतरता आवाज ऐकत उभे.
वेळ लागतो त्याला. वाटतो त्यापेक्षा जास्त.

मग काठीच्या टोकानं तो तुकडा त्यानं खाली लोटला.
चुलीत घालायच्या लायकीचा, बस.

शार्क नव्हता, तो म्हणाला.
माहीत आहे, मी म्हणाले,
मटार मीच ओतले सिंकमध्ये.

तो माझ्याकडे बघत राहिला बराच वेळ,
टोपीखालचा चेहरा शोधत.
मग एक प्लायचा तुकडा घेतला,
आपली काठी त्यावर ठेवली,
आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. काढ.
मूठ माझ्या मापाची, जरा बारीक.
माझ्या काठीवर अजून एकही चावा नाही.
त्याच्याच शेजारच्या खिळ्यावर असते.

पुढच्या मंगळवारी नवा माणूस आला,
फ्रँकलिनचा कुणी निवृत्त पोस्टमन,
नातवासाठी घसरगाडी करायची म्हणून.
ॲथलनं नऊ बोटं टेबलावर ठेवली, घसा साफ केला.
या खेपेला शार्क दोन फुटांनी वाढला होता.
मी मान खाली घालून
रंधा मारत राहिले.